सोडला तर सुटेल

ओढणीच्या टोकाला गाठ मारायची ताईंना सवय होती. कुणी लागेल असं बोललं, दिलेला शब्द फिरवला, की ताई भांडत नसत. ओढणीचं टोक हातात घ्यायच्या, त्याला एक बारीकशी गाठ मारायच्या आणि शांतपणे म्हणायच्या, "असू दे. लक्षात ठेवलंय."

आणि खरंच ठेवायच्या. दुबईतल्या करामात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बकाला आहे, म्हणजे आपलं किराणा दुकान. तिथल्या दुकानदाराने त्यांना एकदा नासका नारळ दिला आणि बदलून द्यायला नकार दिला. त्यानंतर ताई ऑगस्टच्या उन्हातसुद्धा दोन गल्ल्या पलीकडे जाऊन नारळ आणत. पुढे ते दुकान कुणा दुसऱ्याने चालवायला घेतलं. मी त्यांना म्हटलं, ताई, आता मालक बदललाय. त्या म्हणाल्या, "गल्ला तोच आहे ना?"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना खुनशी म्हणतो आणि जरा जपून वागतो. मीही सुरुवातीला जपूनच वागत होते. पण शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या पाइप फिटिंगच्या कंपनीत आम्ही दोघी एकाच ऑफिसात होतो, आणि करामातून रोज सकाळी निघणाऱ्या कंपनीच्या व्हॅनमध्ये एकाच बाकावर बसत होतो. शारजाच्या ट्रॅफिकमध्ये माणूस आज ना उद्या मोकळा होतोच.

नवऱ्याविषयी बोलताना त्या त्याचं नाव घेत नसत, "आमचे हे"ही म्हणत नसत. म्हणायच्या, "माझा स्पॉन्सर." इथे प्रत्येकाच्या राहण्यामागे कुणीतरी स्पॉन्सर लागतो, कंपनी नाहीतर घरचं माणूस. त्याच्या नावावर आपला व्हिसा. मी कंपनीत आले तेव्हा ताईंचा व्हिसा कंपनीचाच होता. तरी नवऱ्याला स्पॉन्सर का म्हणता, असं मी एकदा विचारलं. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "विसरू नये म्हणून."

व्हॅन चालवायचे हमीदचाचा, रत्नागिरीकडचे. दाढी पांढरी, आवाज बारीक. डाव्या बाजूने कुणी कट मारला की "यल्ला हबीबी, जा बाबा" म्हणून त्यालाच वाट देणारे. ते ताईंना "बाय" म्हणत. त्यांच्या घरून कधी कोलंबीचं लोणचं यायचं. सगळे तुटून पडायचे, ताई मात्र हात लावायच्या नाहीत. ॲलर्जी आहे म्हणायच्या. शनिवारी ऑफिसला बोलावलं की त्यांचं डोकं हमखास दुखायचं. मला यात काही जोडून बघायचं सुचलं नाही.

मग अमिरातीचा इस्राएलशी तो करार झाला. इस्राएलचं विमान सरळ दुबईत उतरलं, पेपरात फोटो आले, मॉलमध्ये हिब्रू ऐकू यायला लागलं. त्यानंतरच्या एका सोमवारी ताई व्हॅनमध्ये चढल्या, ओढणी सारखी केली आणि म्हणाल्या, "मी ज्यू आहे. बेने इस्राएल. अलिबागजवळचं गाव. इतकी वर्षं बोलले नाही, आज बोलते."

हमीदचाचांनी आरशातून मागे पाहिलं आणि सावकाश म्हणाले, "बाय, मला पयल्या आठवड्यातच कळला होता. आमच्या आजोळी शनवार तेल्यांची, तुमच्याच लोकांची, घरं होती. शनवारी घाणा बंद, आनि कोलंबी न्हाय."

"मग बोललात का नाही?"

"तू बोलली न्हायस. मी कशाला बोलू?"

त्या दिवशी ताईंचे डोळे पहिल्यांदा भरलेले पाहिले. नंतर त्यांनी एकेक करून मला सगळं सांगितलं.

लग्न प्रेमाचं होतं. तो पुण्याचा, चिप डिझाइनचा इंजिनिअर. सासूने घरात घेताना नाव बदललं आणि "आमच्याकडे शनिवारी चूल बंद नसते" एवढं सांगून टाकलं. ते ताईंनी सोसलं. मग दुबई आली, सिलिकॉन ओएसिसमध्ये त्याची नोकरी. निघताना वडिलांनी दाराच्या चौकटीला लावायची मेझूझा दिली होती. एवढीशी नळी, आत प्रार्थनेची गुंडाळी. ताईंनी ती लावली त्याच संध्याकाळी त्याने ती उपटली. कुणी विचारलं तर नोकरी जाईल, म्हणाला. तेव्हाचे दिवस पाहता भीती अगदीच खोटी नव्हती, हे ताईसुद्धा मान्य करायच्या. पण त्याला त्या भीतीची हळूहळू गोडी लागली. शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीसाठी शुक्रवारी संध्याकाळी लावायचा दिवा त्या स्वयंपाकघरात सिंकखालच्या कपाटात लावायच्या, दार किलकिलं ठेवून. तो पाहुण्यांसमोर हसत सांगायचा, "आमच्या तेलिणीचं तेल फार जातं." आणि काही मनाविरुद्ध झालं की एकच वाक्य: "व्हिसा माझा आहे."

एका सकाळी अलिबागहून फोन आला, वडील गेले. ज्यू माणसाची माती थांबत नाही, शक्यतो त्याच दिवशी होते. दुपारचं विमान मिळत होतं. ताईंचा पासपोर्ट मात्र त्याच्या ऑफिसच्या लॉकरमध्ये होता. ताईंनी फोन केला, तो मीटिंगमध्ये. परत केला. तो म्हणाला, संध्याकाळी आणतो. त्या टॅक्सीने त्याच्या ऑफिसच्या खाली जाऊन उभ्या राहिल्या. तो खाली आला, रिकाम्या हाताने.

"माती तर तुझ्याशिवाय होणारच आहे," तो म्हणाला. "क्लायंट आलाय वर. आणि व्हिसा माझा आहे, कधी जायचं ते मी ठरवीन."

ताईंनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज अजिबात कापला नाही. त्यामुळे मलाच जास्त भीती वाटली. मी विचारलं, तुम्ही त्याला सोडलं का नाही? नंतर स्वतःची नोकरी होती, व्हिसा स्वतःचा करून घेतला होता, मुलगी मोठी होऊन टोरंटोला गेली होती.

"सोडला तर सुटेल तो," त्या म्हणाल्या.

त्यांना वाट बघता यायची. वेळ आली तीही आपल्या पायांनी चालत.

त्याच्या कंपनीने माणसं कमी केली, त्यात तो गेला. पन्नाशी उलटलेली, आणि मागे तरण्या इंजिनिअरांची रांग. नोकरी गेली की व्हिसा जातो. इथे राहायचं तर एकच रस्ता होता, बायकोने नवऱ्याला स्पॉन्सर करायचं. ताईंनी खळखळ न करता केलं. कागदावर तो आता त्यांचा डिपेंडंट, त्यांच्यावर अवलंबून. त्या दिवशी व्हॅनमध्ये त्यांनी आम्हा सगळ्यांना पेढे वाटले. कशाचे, ते सांगितलं नाही. पण पुढे आठवडाभर त्या घरी फोन करून त्यालाच विचारायच्या, "माझा डिपेंडंट जेवला का?"

मग त्याला इस्राएल सुचलं. त्याचा एक जुना सहकारी हैफाच्या बाजूला चिप डिझाइनच्या कंपनीत मोठ्या जागेवर होता. काम आहे, तो म्हणाला होता, फक्त तुझा तिथे राहायचा हक्क हवा. तो हक्क आपल्या घरात ओट्यापाशी भाजी चिरतोय, हे या माणसाला लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळलं.

मला त्यांनी जेवायला बोलावलं होतं, तेव्हा त्यानेच मला सगळं समजावलं. लॅपटॉप उघडा ठेवून, प्रेझेंटेशन दिल्यासारखं. "बघा, लॉ एकदम क्लिअर आहे. ज्यू माणसाला तिकडे परत जायचा राइट आहे. गेलं की सिटिझनशिप. आणि हा राइट स्पाउसलाही मिळतो, मुलांना मिळतो, नातवंडांनासुद्धा. कन्व्हर्ट व्हायची गरज नाही. दोघांनी एकत्र अप्लाय करायचं, बस. वी आर एलिजिबल."

ताई पोळी वाढत होत्या. "आपण नाही," त्या म्हणाल्या. "मी आहे. तू माझ्यामुळे."

"तेच ते गं."

ताईंनी त्याच्या पानात आणखी एक पोळी वाढली.

पुढचे काही महिने आम्ही व्हॅनमध्ये जे ऐकलं, ते ऐकून हमीदचाचांना दोनदा गाडी बाजूला घ्यावी लागली, हसू आवरेना म्हणून. नवरा शुक्रवारी डोक्यावर टोपी घालून बसू लागला. मेझूझा ड्रॉवरमधून शोधून काढली आणि स्वतः ड्रिल घेऊन लावली, ती लावायची उजवीकडे, त्याने लावली डावीकडे. ताईंनी सांगितलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो अभिमानाने दाखवायचा. कपाटातला दिवा आता दिवाणखान्यात आला. तो फोटो काढायचा. त्याने हिब्रूचं ॲप घेतलं आणि सकाळी दाढी करताना मोठ्याने म्हणायचा. सासूबाई पुण्याहून फोनवर म्हणाल्या, आमची सून पहिल्यापासूनच धार्मिक. ताईंनी फोन स्पीकरवर ठेवून ते दोनदा म्हणवून घेतलं.

अर्ज म्हटला की पुरावे आले. आपण ज्यू आहोत असं म्हणून भागत नाही, दाखवावं लागतं. आईवडिलांचा हिब्रूतला लग्नाचा करारनामा, गावच्या सिनेगॉगचं पत्र, जन्माचा दाखला, पोलिसांचा दाखला, शिक्के, त्यावर शिक्के. ताईंचं आमच्या ऑफिसातलं कामच निर्यात मालाच्या ओरिजिन सर्टिफिकेटचं. त्या म्हणायच्या, "पाइप कुठला ते रोज सिद्ध करते, आता स्वतः कुठली ते करायचंय."

घरच्यांच्या कबरीचा फोटोही पुरावा म्हणून चालतो. त्यावर हिब्रूत नाव असतं. नवरा म्हणाला, तुझ्या चुलतभावाला सांगू, तो काढून पाठवेल. ताई म्हणाल्या, "नाही. तू जा."

त्याने पुष्कळ कारणं सांगितली. ताईंनी एवढंच विचारलं, की अर्ज करायचा आहे ना? तो गेला.

मे महिना होता. अलिबागच्या बाजूची ती स्मशानभूमी म्हणजे नारळीच्या मागचा एक तुकडा, गवत वाढलेलं, काळे दगड. त्याने तिथून व्हिडिओ कॉल लावला. आम्ही व्हॅनमध्ये होतो, घरी परतत होतो. ताईंनी फोन मांडीवर ठेवला होता, आवाज आम्हालाही येत होता. तो म्हणाला, अक्षरं दिसत नाहीत, शेवाळ आलंय. ताई म्हणाल्या, विहीर मागे आहे. त्याने पाणी आणलं. ताई म्हणाल्या, नारळाची शेंडी घे, हाताने निघणार नाही. त्याने घेतली. तो वाकून घासायला लागला.

"उभ्याने नाही," ताई म्हणाल्या. "खाली बस."

तो बसला. कपडे मातीत, घाम नाकावरून गळतोय. पुण्याच्या त्या साहेबाने सासऱ्याचा दगड अक्षर न् अक्षर घासून काढला. वर हिब्रू, खाली मराठी. नाव दिसलं, तारीख दिसली. तो दम खात म्हणाला, झालं, आता फोटो काढतो.

"तारीख वाच," ताई म्हणाल्या.

त्याने वाचली.

"त्या दिवशी कुठे होतास?"

पलीकडून नुसता कावळ्यांचा आवाज आला. मग फोन कट झाला. त्याने केला की रेंज गेली, कोण जाणे. फोटो मात्र व्हॅन करामात पोचायच्या आधीच आला, एकदम स्वच्छ. ताई तो झूम करून पाहत राहिल्या. करामा आलं तरी त्या उतरल्या नाहीत. हमीदचाचांनी इंजिन बंद केलं आणि बसून राहिले.

मला वाटलं, झालं. मनासारखं झालं, आता दोघं जातील, नव्याने काही सुरू होईल. तुम्हालाही तसं वाटलं असेल. पण आपण ताईंना ओळखत नव्हतो.

अर्जाची मुलाखत दोघांची एकत्र होती, घरूनच, स्क्रीनवर. पलीकडे एक सभ्य, थकलेला माणूस होता. त्याने घराण्याविषयी विचारलं, सणांविषयी विचारलं. नवऱ्यानेच जास्त उत्तरं दिली. मलिदा कसा करतात, पोहे, खोबरं, साखर, ते त्याने असं सांगितलं की जणू जन्मभर तोच करत आला होता. शेवटी त्या माणसाने नेहमीचा प्रश्न विचारला, तुम्ही दोघं पतिपत्नी म्हणून एकत्र राहता ना, आणि तिथेही एकत्र राहणार ना? नवरा म्हणाला, अर्थात.

ताई म्हणाल्या, "नाही."

हे त्यांनीच दुसऱ्या दिवशी व्हॅनमध्ये सांगितलं. त्या म्हणाल्या, मी खोटं एक अक्षर बोलले नाही. कागदावर हा माझा नवरा आहे. माझे वडील गेले त्या दिवसापासून मी याची बायको नाही. हा यायचं म्हणतो ते माझ्यामुळे मिळणाऱ्या पासपोर्टसाठी. मी जाणार आहे, याच्याबरोबर नाही. नवरा आधी हसला, ही चेष्टा करते म्हणाला. मग पलीकडच्या माणसाने चष्मा काढला आणि त्याला शांतपणे सांगितलं, की तुमचा हक्क या लग्नातून येतो. बाईंची तयारी नसेल तर तुमचा अर्ज पुढे जाऊ शकत नाही. बाईंचा जाईल.

"आणि तुमचं हे 'नाही' कायमचं का, असं त्याने विचारलं," ताई म्हणाल्या. "मी म्हटलं, ते मी ठरवीन."

मला त्या क्षणी आनंद झाला, हे लपवत नाही. एखाद्याला त्याचंच वाक्य परत मिळताना बघण्यात सुख असतं. व्हॅनमध्ये कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली. हमीदचाचा मात्र हसले नाहीत.

ताईंचं काम पुढे सरकलं. निघायचं तर इथला व्हिसा रद्द करायचा, आणि नियम असा, की आधी डिपेंडंटचा रद्द होतो, मग स्पॉन्सरचा. सह्या करायला करामातल्या टायपिंग सेंटरमध्ये, म्हणजे सरकारी अर्ज भरून देणाऱ्या दुकानात, दोघांना यावं लागलं. सोबत म्हणून मीही गेले. तो ओळखू येत नव्हता. दाढी वाढलेली, टोपी कधीच गेलेली. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, सर, इथे साइन. त्याने पेन हातात धरलं आणि ताईंकडे वळून विचारलं, "मी जाऊ कुठे?"

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने त्यांना काही विचारलं असावं.

ताईंनी ओढणी नीट केली. म्हणाल्या, "पुण्याला आई आहे की तुझी. तिला तुझ्यासोबत शुक्रवारचा दिवा लावायला सांग."

त्याने सही केली. बाहेर आल्यावर मी ताईंना विचारलं, कसं वाटतंय? मला वाटलं, काहीतरी शहाणपणाचं बोलतील, की शेवटी हाती काही राहत नाही वगैरे. त्या पार्किंगमधल्या उन्हात थोडा विचार करून म्हणाल्या, "गोड लागेल वाटलं होतं. लागलं. खोटं कशाला सांगू?" मग चार पावलं गेल्यावर, "पण एवढ्यात संपायला नको होतं."

त्या इस्राएलला गेल्या. अश्दोदला एका जुन्या इमारतीत घर मिळालं. शेजारी कोकणातून आलेल्या, सत्तरी उलटलेल्या बायका, भांडणं मराठीत करणाऱ्या. नव्या माणसांसाठीच्या हिब्रूच्या वर्गात ताई सगळ्यात मोठ्या होत्या, आणि चूक दाखवणाऱ्या बाईविषयी म्हणे आताच मनात अढी धरली आहे. नागरिकत्वाचं कार्ड आल्यावर त्यांनी फोटो पाठवला. त्यावर सासूने बदललेलं नाव नव्हतं. मुलीने त्यावर इंग्रजीत एकच ओळ लिहिली, "यू लुक लाइक आजोबा, मम्मा."

नवरा दर सणाला मेसेज करत होता. पेसाहच्या शुभेच्छा, रोश हशानाच्या शुभेच्छा, आणि खाली, फक्त एकदा हो म्हण. ताई उत्तर देत नसत. घटस्फोटाचा अर्जही करत नसत. हो नाही, नाहीही नाही.

मग युद्ध सुरू झालं. हमीदचाचांच्या फोनवर गाझाचे व्हिडिओ यायचे, ढिगाऱ्यातली मुलं. ते रेडिओ बंद ठेवून गाडी चालवायचे. ताईंचं नाव त्यांनी कितीतरी आठवडे काढलं नाही, आणि मीही त्यांच्यासमोर काढलं नाही. आमच्या व्हॅनमध्ये तेव्हा सगळेच खिडकीबाहेर बघत असायचे.

एका सकाळी सगळे चढले तरी त्यांनी गाडी सुरू केली नाही. आरशात न बघताच विचारलं, "बाय बरी हाय ना?"

मी त्यांना ताईंचा रात्रीच आलेला व्हॉइस मेसेज ऐकवला. ताई सांगत होत्या, भोंगा वाजला की शेजारच्या म्हातारीला धरून जिन्यात बसते, तिचे गुडघे चालत नाहीत. मुलगी म्हणते टोरंटोला ये. आवाज थकलेला होता. मग मधेच पूर्वीसारखा ताठ झाला.

"आणि ऐक, त्याचा मेसेज आलाय. एवढं चाललंय तरी म्हणतो, मी येतो, तुझ्यासोबत जिन्यात बसतो, नोकरी नको, काही नको. बघ. आता कुठे खरी सुरुवात झाली."

हमीदचाचांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते. ते म्हणाले, "तिला लिव. म्हन, चाचा सांगतो, आता सोड त्याला. त्याच्यासाठी न्हाय. तुझा हात दुखंल धरून धरून."

मी त्यांचे शब्द होते तसेच लिहिले आणि पाठवले. हमरियाच्या गेटपर्यंत पोचेस्तोवर त्याखाली दोन निळ्या खुणा आल्या.

उत्तर अजून आलेलं नाही.